खांद्यावरची पर्स

संध्याकाळी वहिनी ऑफिसातून आल्या आणि पर्स खांद्याला तशीच ठेवून भाजीला फोडणी देऊ लागल्या.

"अहो वहिनी, पर्स तरी काढा."

"अगंबाई, अजून आहेच का?" त्या हसल्या. डॉक्टरांनी त्यांना नुकतीच बीपीची गोळी सुरू केली आहे.

पर्स खुंटीला गेली. खांदा मात्र उचललेलाच राहिला. ऑफिसला कुलूप लागतं, पण ती बातमी शरीरापर्यंत पोचायला वेळ लागत असावा. कढईतली वाफ सावकाश खिडकीकडे तरंगत होती, तिला कुठेच वेळेवर पोचायचं नव्हतं. मी वहिनींच्या खांद्यावर हात ठेवला. पेंगुळलेल्या बाळाच्या मानेसारखा तो खांदा हळूहळू खाली आला.

मागे न वळताच त्या म्हणाल्या, "हात किती ताठलाय गं तुझा!"