लाइन घेऊ का, अक्का?

जे. पी. नगरात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचो आणि फोन होता खाली, घरमालकिणीकडे. त्यांचं मराठी घर चार पिढ्या बंगळूरात मुरलेलं. त्यांना सगळे अक्का म्हणत, मीही म्हणायचो. त्या फोनची एक तार त्यांनी मोठ्या मनाने माझ्या मोडेमसाठी वर घेऊ दिली होती. मी जिन्यातून ओरडायचो, "लाइन घेऊ का, अक्का?" त्या कानडी वळणाने होकार द्यायच्या, "सरी, घे." मग मी सोडली म्हणेपर्यंत त्या रिसीव्हरला हात लावत नसत. कारण खाली कुणी उचलला की माझं इंटरनेटचं कनेक्शन तुटायचं. एकदा तसं झालं तेव्हा मी भयंकर कटकट केली होती.

त्या रविवारी सकाळीच त्यांनी सांगितलं, "दुपारी बेळगावहून फोन येईल रे, दवाखान्यातनं. दादाचं उद्या ऑपरेशन. त्याला माझ्याशी बोलायचंय. स्वल्प लवकर आटप."

आटपतो म्हणालो. लिनक्सची एक मोठी फाइल उतरवत होतो. दहा प्रयत्नांनी कनेक्शन लागलं होतं आणि फाइल मध्येच अडकून जरा हालचाल थांबली की ते आपोआप सुटायचं. म्हणून मी पिंग चालू करून ठेवलं. पलीकडच्या कॉम्प्युटरला दर सेकंदाला 'आहेस का?' विचारायचं, त्याने 'आहे' म्हणायचं. पडद्यावर ओळीमागून ओळी सरकू लागल्या. स्वतःच्या हुशारीवर मी असा काही खूश झालो, की खोलीला कुलूप लावून चिकपेटला चादरी आणायला निघून गेलो. अक्कांचा फोन डोक्यातून साफ गेला.

परतलो तेव्हा साडेपाच वाजले होते. अक्का फोनशेजारी स्टुलावर बसल्या होत्या. दुपारभर लाइन लागेना म्हणून भाच्याने शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन करून निरोप दिला होता. दादा चार वाजता गेले.

"अहो, मग उचलायचा ना रिसीव्हर!" मी चक्क त्यांच्यावरच ओरडलो. आजही आठवलं की स्वतःची शरम वाटते.

"तुझं काम चाललं होतं ना रे," त्या म्हणाल्या.

वर पिंग चालूच होतं. बंद केलं, तसा खाली हिशेब उमटला: हजारो वेळा विचारलं, हजारो उत्तरं आली, हरवलं काहीच नाही. मी मशीनच बंद केलं.

पुढे कित्येक दिवस मोडेमला हात लावला नाही. मग एका रविवारी अक्काच जिन्यातून म्हणाल्या, "लाइन घे की रे. आता बेळगावहून मला कोण फोन करणार?"