योरिसची सीट

मुक्ताचा फोन आला तेव्हा मी फार्मसीत एका आजींना खोकल्याचं औषध समजावून सांगत होते. रविवारी सकाळी माझी मुलगी फोन करत नाही, मेसेज टाकते. "आई, योरिस पडला," ती म्हणाली. माझा जावई रेसिंग ड्रायव्हर. साहजिकच माझ्या तोंडून पहिला प्रश्न निघाला, "कुठल्या वळणावर?" ती म्हणाली, "वळण कसलं, आई. मार्केटमध्ये. मेथी घेत होतो आम्ही." इथे न्यूझीलंडमध्ये, अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात, मेथीची जुडी हातात घेऊन उभा असलेला तिशीतला धडधाकट मुलगा खाली बसला तो उठलाच नाही. मेंदूतली एक रक्तवाहिनी जन्मापासूनच कमकुवत होती. ती झोपेत फुटली असती, दात घासताना फुटली असती, असं डॉक्टरांनी सांगितलं. वेगाशी तिचा काही संबंध नव्हता. मला ते लगेच कळलं, कारण माझं आयुष्य औषधांच्या कपाटापाशी गेलंय. आमच्या ओळखीच्या लोकांना ते अजून कळलेलं नाही आणि आता कळेल असंही वाटत नाही.

"शेवटी व्हायचं तेच झालं." हे वाक्य गेल्या काही आठवड्यांत मी इतक्या तोंडांतून ऐकलं की समोरचा 'शेवटी' म्हणाला की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठते. मेथी घेताना गेला असं सांगितलं की माणसांचा चेहरा पडतो. दुःखाने नव्हे, हिरमोड झाल्यासारखा. गाडी उलटली असती, आग लागली असती, तर त्यांना त्यांच्या मुलांना सांगायला एक गोष्ट मिळाली असती. मेथीतून तात्पर्य काढता येत नाही, ही योरिसची मोठीच चूक झाली.

गैरसमज नको. हा खेळ मलाही आवडत नाही. पूर्वीही आवडत नव्हता आणि तो गेला म्हणून आता आवडायला लागलाय, असलं काही मी लिहिणार नाही. इतकं पेट्रोल जाळून, कानठळ्या बसवून, माणूस जिथून निघाला तिथेच परत येतो. आमच्याकडे घाण्याचा बैलही तेच करतो, पण निदान तेल तरी निघतं. हे मी योरिसला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. त्याने विचार करून उत्तर दिलं, "बैलाला पगार मिळतो का?" मी म्हटलं, "नाही." "मग माझ्यासारखाच," तो म्हणाला आणि ताटातली भाजी संपवली.

हॉलंडमधल्या एका लहान गावातला तो मुलगा. वडिलांचं फुलांचं छोटं काम, एकाच व्हॅनमध्ये आठवडाभर ट्युलिप आणि शनिवार-रविवार योरिसची छोटी रेसगाडी, गोकार्ट. सहा-सात वर्षांचा असल्यापासून. तिकडे पाऊस रोजचाच. बाकीची मुलं तंबूत शिरली की हा ओल्या ट्रॅकवर एकटा फेऱ्या मारायचा, कारण तेव्हा गर्दी नसते. संध्याकाळी कार्ट स्वतः पुसल्याशिवाय वडील गाडीत घ्यायचे नाहीत. पुढे बक्षिसं आली, आणि युरोपातल्या एका नावाजलेल्या रेसिंग अकादमीने त्याला उचललं. शाळा सुटली, मित्र सुटले, जेवणसुद्धा मोजून मिळायला लागलं. मोठ्या गाड्यांमध्ये दोन हंगाम बरे गेले, तिसरा वाईट गेला. एकोणिसाव्या वर्षी विमानतळावर सामानाची वाट बघत असताना त्याला फोनवर मेसेज आला की त्याची आता गरज नाही. "आणि तुझी बॅग?" मी विचारलं होतं. "ती आली," तो म्हणाला. "ती आली म्हणून बरं वाटलं."

युरोपात हिवाळा असतो तेव्हा आपल्याकडे न्यूझीलंडमध्ये उन्हाळा, म्हणून तिकडची पोरं दोन महिने इथे रेसिंगला येतात आणि परत जातात. योरिस आला आणि त्याला परत कुणी बोलावलंच नाही. मग तो एका वर्कशॉपमध्ये गाड्या उघडायला लागला, आणि सुट्टीच्या दिवशी कंपन्यांच्या लोकांना ट्रॅकवर गाडी चालवायला शिकवायला लागला. मुक्ता सिटीतल्या एका आयटी फर्ममध्ये आहे. तिच्या ऑफिसची तिथे सहल गेली. हा शेजारच्या सीटवर बसला आणि म्हणाला, तू स्टिअरिंगशी फार सभ्य वागतेस आणि ब्रेकशी फार उद्धट. मुक्ता घरी येऊन दोन दिवस चिडलेली होती, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

पुण्याबाहेर इतकं तोंडावर बोलणारी माणसं मला कुठे भेटली असतील तर ती योरिसच्या घरची. लग्नानंतर पहिल्या अधिक महिन्यात मी त्याला वाण दिलं, अनारसे दिले. त्याने एक खाल्ला आणि म्हणाला, "आई, हे कडक झालेत." माझे अनारसे कडक होतात हे माझ्या नवऱ्याला संसारभर माहीत होतं, पण बोलायची छाती झाली ती या पाहुण्याची. उरलेले सगळे त्यानेच चहात बुडवून संपवले. मुक्ताच्या वाढदिवसाला तो आधी माझ्याकडे आला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाला, "मुलीबद्दल अभिनंदन." त्यांच्याकडे तशी पद्धत आहे, वाढदिवस असलेल्या माणसाच्या घरच्यांचंही अभिनंदन करतात. मी म्हटलं, "तीस वर्षं उशीर झाला." पण मला ते फार आवडलं होतं, हे आता सांगून टाकते.

इथे त्याला शेवटी काम मिळालं ते लांब पल्ल्याच्या शर्यतींचं. कधी सहा तास, कधी बारा, एकदा पूर्ण दिवसरात्र. एकच गाडी, दोघे-तिघे ड्रायव्हर आळीपाळीने. मी मुक्ताच्या आग्रहाने एकदा गेले, आणि त्या सगळ्या गोंगाटात मला पटलेली एकच गोष्ट दिसली. गाडी ट्रॅक सोडून बाजूच्या पिट लेनमध्ये येते, एक ड्रायव्हर उतरतो, दुसरा बसतो. उतरलेला माणूस घामाने निथळत असतो, पाय लटपटत असतात, पण तो पाणी प्यायला जात नाही. हेल्मेटसकट परत गाडीत वाकतो आणि दुसऱ्याचे पट्टे बांधतो. खांद्यावरचे पट्टे दोनदा ओढतो, दोन वाक्यांत गाडीची तब्येत सांगतो, आणि मगच बाजूला होतो. योरिसला ती सवयच लागली होती. माझ्या गाडीत शेजारी बसला की माझाही पट्टा दोनदा ओढायचा. "मी काय कुक्कुलं बाळ आहे?" मी खेकसायचे. तो ढिम्म.

त्याचा जोडीदार विरेमू. माओरी मुलगा, लहान चणीचा, बोलायला कमी. दोघांना एकच गाडी, आणि योरिस टोलेजंग, म्हणून अडचण अशी की गाडीतली सीट योरिसच्या मापाची आणि विरेमूसाठी तिच्यात बसणारी वेगळी पातळ गादी. या सीटा दुकानात मिळत नाहीत. अंगावर ओततात. प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन द्रावणं मिसळायची, ती सीटच्या सांगाड्यात ठेवायची, माणसाने वर बसायचं. फेस फुगतो, गरम होतो आणि पाठीच्या आकारात घट्ट होतो. योरिसची सीट बॉटनी डाउन्सला आमच्या घरच्या गराजमध्ये झाली, कारण द्रावणं मिसळायची म्हटल्यावर मुक्ताने ते काम माझ्यावरच सोपवलं. लेबल वाचलेलं नव्हतंच कुणी. मी वाचलं, मिसळलं, ओतलं. योरिस संपूर्ण रेसिंग सूट घालून बसला. आता हलायचं नाही, श्वाससुद्धा बेताने, असं ठरलं. मी पिशवीचं तोंड धरून समोर उभी. एवढा वेळ गप्प उभं राहणं माझ्या स्वभावात नाही.

"योरिस, एक सांग. एवढं सगळं करून तू शेवटी पोचतोस कुठे?"

"पिट लेनमध्ये," तो ओठ न हलवता म्हणाला.

"म्हणजे जिथून निघालास तिथेच."

"हो."

"मग जातोस कशाला?"

आणि तो हसला. आवाज न करता हसायला गेला, म्हणून सगळं अंग डावीकडे कललं, खांदे हलले... फेस तोपर्यंत घट्ट होत आलेला. सीट बाहेर काढली तर डाव्या बाजूला चांगला मूठभर खळगा. मुक्ता माझ्यावर भडकली. "आई, यू हॅड वन जॉब!" मी म्हटलं, हसला तो, मी नाही.

आता शोकसभेबद्दल लिहिते, नाहीतर माझ्या पोटात दुखेल. आमच्या इथल्या मराठी मंडळाने ती कम्युनिटी हॉलमध्ये ठेवली, पडद्यावर फोटो, मागे बासरी. अध्यक्षांनी भाषण केलं. याच गृहस्थांनी लग्नाच्या वेळी मला विचारलं होतं, "जावई काय करतात?" मी म्हटलं, गाड्या चालवतो. "म्हणजे टॅक्सी का?" आणि त्यानंतर वर्षभर ते माझ्याकडे, पोरीला स्थळ न मिळालेल्या आईकडे बघावं तसे बघायचे. तेच आता पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, "आपल्या योरिसने वेगाशी लग्न केलं होतं." माझी मुलगी पहिल्या रांगेत बसली होती. त्याने लग्न हिच्याशी केलं होतं. मी माझ्या खुर्चीतून ते मोठ्याने म्हटलं. सभेत असं बोलायचं नसतं, हे मला नंतर तिघी जणींनी समजावलं. कार्यक्रमानंतर अध्यक्षांनी हळूच विचारलं, त्याची ती सीट गराजमध्ये आहे ना, मंडळाच्या दालनात ठेवू या, मुलांना सुरक्षित ड्रायव्हिंगचा धडा मिळेल.

आणि त्याच आठवड्यात अकादमी. ज्यांनी एकोणीस वर्षांच्या मुलाला सामानाच्या पट्ट्यापाशी टाकून दिलं, त्यांनी त्याचा काळापांढरा फोटो लावून 'आमच्या कुटुंबातला एक' असं लिहिलं. मागाहून मुक्ताला नम्र शब्दांत ईमेल, की सीट आमच्या प्रवेशदालनातल्या काचेच्या कपाटात ठेवायची आहे, नेण्याची व्यवस्था आम्ही करू. कुटुंब! निर्लज्जपणालाही काही इस्त्री असते, ती त्या ईमेलला कडक होती.

मुक्ता आमच्याकडे राहायला आली होती. नवीन कापड चढवायला म्हणून योरिसने जाण्याआधीच्या शुक्रवारी सीट आमच्या गराजमध्ये आणून ठेवली होती, आणि त्यानंतर तिने गराजचं दार उघडलं नव्हतं. गाडी रस्त्यावर लावायची. ईमेलला उत्तर नाही, अध्यक्षांना उत्तर नाही. "देऊन टाकू का गं?" एकदा तिने विचारलं. "कुणालातरी देऊन टाकू?" मला भीती वाटली ती याची. एकाने त्याचा धडा केला असता, दुसऱ्याने शोभेची वस्तू, आणि चहात अनारसे बुडवणारा माझा जावई कुठेच उरला नसता. माझी पोर हो म्हणून मोकळी होईल, आणि मग जन्मभर काचेपलीकडून बघेल.

विरेमू आला तो न कळवता. पिशवीभर फिजोआ, ती इथली पेरूसारखी फळं, घेऊन, पायातल्या जॅन्डल्स, म्हणजे चपला, दाराबाहेर काढून. "किया ओरा, आँटी," त्याने माओरीत नमस्कार केला. अंत्यसंस्कारात सगळे योरिसबद्दल बोलत होते, हा एकटा योरिसशी बोलला होता, शवपेटीपाशी उभा राहून, समोर जिवंत माणूस असावा तसा. त्यांच्यात तशीच रीत आहे. आता तो मुक्तासमोर मान खाली घालून बसला. म्हणाला, टीमने दुसरा ड्रायव्हर घेतलाय, पुढच्या महिन्यात रेस आहे, नवी सीट करणार आहेत. "पण माझी गादी त्याच्या सीटवर ओतलेली आहे. तिची मागची बाजू म्हणजे त्याच्या पाठीचा आकार. ती दुसऱ्या कशातच बसत नाही. मला त्याच सीटमध्ये बसायचंय. तू हो म्हणालीस तर. नाही म्हणालीस तरी स्वीट ॲज, काही हरकत नाही, मी गादी इथे आणून ठेवतो, दोन्ही एकत्र राहू देत."

कुणी पहिल्यांदाच तिला विचारत होतं. मुक्ता उठली आणि गराजचं दार तिने स्वतः उघडलं. विरेमू सीटसमोर गुडघ्यावर बसला. "ब्रो, तुला घेऊन चाललोय," असं त्याने सीटला सांगितलं. आणि मुक्ता रडली... बाजारापासून पहिल्यांदा, गराजच्या सिमेंटवर बसून, मोठ्याने. मी तिला रडू दिलं. त्या संध्याकाळी अकादमीला तिच्या वतीने मी उत्तर लिहिलं: सीट वापरात आहे. अध्यक्षांनाही तेच पाठवलं, मराठीत.

गेल्या शनिवारी आम्ही ट्रॅकवर गेलो. गारठा, धुरकट वास, लाऊडस्पीकर. सगळं होतं तितकंच भिकार. पहिला विरेमू बसणार होता. सुरुवातीला गाडीतून उतरणारं कुणी नसतं, त्यामुळे पट्टे टीमचा माणूस बांधतो. मुक्ताने त्याला बाजूला केलं आणि स्वतः आत वाकली. खांद्यावरचे पट्टे ओढले, एकदा, परत एकदा. ती बाहेर आली तेव्हा विरेमूने मला खुणेने जवळ बोलावलं आणि हेल्मेटची काच वर केली.

"आँटी, सीटमध्ये डावीकडे थोडी पोकळी आहे."

"माहीत आहे," मी म्हटलं.

"टीमने दरवर्षी सांगितलं, भरून घे, दहा मिनिटांचं काम आहे. तो भरू द्यायचा नाही. म्हणायचा, ती आईने केलीय, हात लावायचा नाही."

त्याने काच खाली घेतली. मी बाजूला झाले. गाडी सुटली, पहिल्या वळणावर दिसेनाशी झाली. मूर्ख खेळ आहे, मी आजही तेच म्हणेन. मुक्ता म्हणाली, "आई, बस ना, खुर्ची आहे." मी बसले नाही. गाडी जिथून निघाली होती तिथे परत येईपर्यंत उभी राहिले.