कुजबुजीचं पथ्य

माझा आवाज म्हणजे कळव्यातल्या आमच्या गल्लीचा भोंगाच. घरी पोरांच्या शिकवण्या घेते, रविवारी विहारात वंदना सांगते, माईक लागत नाही. एका रविवारी पंचशील सांगताना मधेच आवाज फाटला, आणि बसला तो बसलाच.

"थंड प्यायली असशील," सासूबाई म्हणाल्या. ज्येष्ठमध झालं, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. आठवडे गेले, ढिम्म फरक नाही! मग मीच पथ्य ठरवलं: आता फक्त कुजबुजायचं, घशाला आराम. गंमत म्हणजे मी कुजबुजले की समोरचाही कुजबुजायचा. भाजीवाला, शिकवणीची पोरं, आमचे हे, सगळेच. घरात तान्हं बाळ झोपलंय असं वाटायचं.

हसू यायचं, पण धास्तीही होती. माझे वडील घशाच्या कॅन्सरने गेले. त्यांचाही सुरुवातीला नुसता आवाजच बसला होता. ह्यांना ते ठाऊक होतं, मला तर होतंच, आणि दोघंही तो शब्द तोंडातून काढत नव्हतो. डॉक्टरचा विषय निघाला की मी खेकसायचे, तेही कुजबुजत.

शेवटी ह्यांनीच माजिवड्याला कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावला. बाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घातला, म्हणाल्या, "ई म्हणा." स्क्रीनवर माझे स्वरतंतू, उघडझाप करणाऱ्या दोन पांढऱ्या पट्ट्या. मी डोळे गच्च मिटले.

"अहो, बघा तरी! दोन्हीकडे समोरासमोर एकेक बारीक गाठ आहे. जोरजोरात बोलून या पट्ट्या एकमेकींवर आपटतात, मग तिथे घट्टा पडतो, हाताला पडतो तसा. कॅन्सर नाही हा."

किती सहज म्हणाल्या! मी खुर्चीतच सैल पडले.

"पण मी तर केवढं जपलं! नुसती कुजबुजत होते."

बाईंनी कपाळावर हात मारला. "जोर लावून कुजबुजलं की उलट ताणच पडतो. गप्प बसा, नाहीतर साध्या आवाजात हळू बोला. सारखं खाकरायचं नाही, पाणी भरपूर प्या. आवाजाचे व्यायाम शिकवू, ऑपरेशन बहुतेक लागणार नाही. आणि एवढे आठवडे घरी काढायचे नसतात, लगेच दाखवायचं."

खाली येऊन रिक्षात बसलो. ह्यांनी मोबाइल काढून काहीतरी खोडायला घेतलं. मी डोकावले. माझे जुने व्हॉइस मेसेज! 'येताना कोथिंबीर आणा', 'अहो, कुठे अडकलात?' असले सगळे वेगळे जपून ठेवलेले.

मी खुणेनेच विचारलं, हे काय?

"म्हटलं, काही झालंच, तर आवाज तरी राहील घरात," हे म्हणाले आणि ढसाढसा रडायला लागले.

मी मोबाइल ओढून घेतला. एकही खोडू दिला नाही. "अहो, मी कुठेही जात नाहीये," मी म्हटलं. घोगरं तर घोगरं, पण रिक्षावाल्यालाही ऐकू जाईल असं.