आईनं सोडलेली गोळी

आई माझ्याकडंच राहते, आणि झोपेच्या गोळीशिवाय तिचा डोळा लागत नाही. वडील गेले तेव्हा डॉक्टरांनी थोडे दिवस म्हणून दिली होती. थोडे दिवस कसले! वर्षं गेली. आई सकाळी उशिरापर्यंत पेंगते, चहाची बशी कलंडते, मी पुसते. मीही साठी ओलांडलेली बाई आहे, माझेही गुडघे धरतात, पण सांगायचं कुणाला?

यंदा लेक बाळंतपणाला जिंतूरला आली आणि मुलगी झाली. आई लय हरखली. "बारशाला पाळण्याखालून पोरगी मी घेणार," म्हणाली. लेक मला हळूच म्हणाली, "आजी पेंगते गं, तिच्या हातात नको." आईनं ते ऐकलं.

गोळी एकदम बंद करू नका, हळूहळू कमी करू, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण आईला हळूहळू सोडणं ठाऊकच नाही. काशीला वांगं सोडलं तेही एकदम. तिनं देवापुढं बसून तळहातावर पाणी घेतलं आणि ताम्हनात सोडलं. "सोडली बघ गोळी. पणतीसाठी." मी कपाळावर हात मारला.

झोप उडालीच, वर हात थरथरायला लागले. डॉक्टरांना फोन केला, तर म्हणाले, अर्धी तरी द्याच. आई ओठ मिटून बसली. "देवाला शब्द दिलाय, मोडू व्हय?" हट्टी बाई! मी तरी किती डोकं फोडू?

बारशाला विधवा म्हणून तिला कुणी अडवलं नाही, तेवढा काळ बदललाय. "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" म्हणत पोरगी पाळण्याच्या वरून, खालून फिरत माझ्या हातात आली. समोर आई पदर खोचून बसलेली, दोन्ही हात पुढं केलेले. ते हात काही केल्या थांबेनात. मी पोरगी शेजारी बसलेल्या विहीणबाईंकडं दिली. आईनं हात पदराखाली घेतले. बायकांचं गाणं चालूच होतं.

पाहुणे गेल्यावर मी तिच्याजवळ टेकले. रडू येत होतं, पण रडायलाही अंगात त्राण नव्हतं.

"चुकलं का गं माझं?" मी विचारलं.

"न्हाई. लेकरू पडलं असतं." पदराखालचा हात पुढं करत आई म्हणाली, "दे ती गोळी. अख्खी दे. आता कुणासाठी जागं ऱ्हायचं?"