तिसरी रात्र

माझी नणंद काफुची आज पत्र्याच्या घरात राहते, आणि तिच्याइतकं पांढरंशुभ्र कसाव्याचं पीठ गावात कुणाचं नसतं. लोक म्हणतात, बाई हुशार. हुशार आहेच. पण तिला घडवलं गासुकूआजीनं, आणि त्या आजीचं आम्ही काय केलं ते मी सांगितलं नाही तर कुणी सांगणार नाही.

नवरा गेला तेव्हा काफुचीकडे एक टोपली आणि पाच वर्षांची लेक ओडिल, एवढंच होतं. शेजारची गासुकूआजी आपणहून तिच्यासोबत ओढ्यावर यायला लागली. आमच्याकडचे कसाव्याचे कंद कडू. ओढ्याकाठच्या डबक्यात भिजवून त्यांचं विष उतरवायचं, मग वाळवून कांडायचे. एवढं तर पोरीबाळींनाही येतं. आजी शिकवायची ते पुढचं. एक डबकं नको, तीन खण, म्हणजे रोज एकातला माल निघेल. ट्रकवाल्याला सगळा ढीग एकदम दाखवू नकोस. विकायच्या आधी घरचं पीठ बाजूला काढ. आणि रोज येऊन ती स्वतः एक कंद मोडायची. मधली शीर अलगद सुटून आली तर म्हणायची, "काढ." नाहीतर कंद पाण्यात भिरकावून, "अजून एक रात्र. तुला घाई असेल, विषाला नाही. पाय धरतं ते."

"आजी, तू स्वतः कधी एका टोपलीच्या वर गेलीस का गं?" आम्ही बायका चिडवायचो.

"माझं मला दिसत नाही, हिचं दिसतं. तुम्हाला तरी तुमचं कुठं दिसतंय?" म्हातारी फटकन म्हणायची.

पाच-सहा वर्षांत काफुचीच्या घरावर पत्रे चढले. मग किक्वीट शहराकडचा रस्ता दुरुस्त झाला आणि ट्रक आठवड्यातून दोनदा यायला लागला. त्या साली पाऊसही रुसलेला. मासळी नाही, शेंगा नाहीत, पानात नुसतं लुकू, म्हणजे याच पिठाचा शिजवलेला गोळा, आणि पाला. ट्रकवाला म्हणाला, गुरुवारी माल तयार नसेल तर पुढच्या गावात भरतो. काफुचीनं दोन रात्रींतच डबकी उपसायला घेतली. आजीनं कंद मोडला. शीर तुटली, पण सुटली नाही.

"परत टाक."

"ट्रक थांबत नाही, आजी."

"मग जाऊ दे ट्रक."

काफुची कमरेवर हात ठेवून सगळ्यांदेखत कडाडली, "तुला धंद्यातलं काय कळतं? जन्मभर एक टोपली घेऊन बसलीस! पुरे झाली तुझी मास्तरकी. माझ्या पाण्यात हात घालू नकोस."

आम्ही हसलो. मी सगळ्यात मोठ्यानं हसले. आजीनं हात पुसले आणि निघून गेली, ती पुन्हा ओढ्यावर फिरकली नाही. मग सगळ्यांनीच दोन रात्रींवर आणलं. पीठ तितकंच पांढरं दिसायचं. घरचं वेगळं काढणंही राहून गेलं. जे ट्रकात जायचं, त्यातलंच उरलंसुरलं चुलीवर.

एका सकाळी ओडिल पाण्याला जायला उठली आणि तिला उभंच राहता येईना. पाय ताठ, टाचा जमिनीला टेकेनात. ताप नाही, दुखणं नाही. पाठीवर घेऊन आम्ही दवाखान्यात गेलो. नर्सनं पहिलाच प्रश्न विचारला, "कंद किती रात्री भिजवता?"

"तीन," काफुची म्हणाली. मी शेजारीच उभी होते.

"तीन रात्री भिजवले असते तर हे झालं नसतं," नर्स म्हणाली. "आता हे पाय सुटायचे नाहीत, बाई."

आम्ही परत येईपर्यंत गावात कुजबुज सुरू झाली होती. म्हातारीचा अपमान झाला, तिनंच करणी केली. सगळ्यांना ते पटलं. पटणारच, सगळ्यांच्याच डबक्यात दोन रात्री होत्या. भर दुपारी आंब्याखाली बैठक बसली. आजी म्हणाली, "मी काही केलं नाही." मुखियानं काफुचीला विचारलं, "पोर तुझी. तू बोल."

'दोन रात्री' एवढं म्हणाली असती तर आजी सुटली असती. पण मग आमच्या पिठात विष राहतं हे बाहेर कळलं असतं आणि आमच्या गावात ट्रक पुन्हा थांबला नसता.

"मला काय माहीत," काफुची खाली बघत म्हणाली.

तेवढं पुरलं. तरण्या पोरांनी आजीच्या झोपडीचं छप्पर ओढून काढलं आणि तिला दिवस मावळायच्या आत निघायला सांगितलं. ती बोचकं डोक्यावर घेऊन ओढ्याच्या वाटेनं निघाली, मागे सगळं गाव. काफुचीच्या डबक्यापाशी ती थांबली. बोचकं खाली ठेवलं, पाण्यात हात घातला, कंद मोडला, शीर ओढून पाहिली.

"अजून एक रात्र," काफुचीकडे बघून ती म्हणाली. मग ओढा ओलांडून गेली. कुठं गेली, कुणाला ठाऊक नाही. काफुची तिथंच बसून रडली, पण हाक तिनं मारली नाही. मीही मारली नाही.

आता ओडिल सतरा वर्षांची आहे, दोन काठ्यांवर चालते. काफुची तीन रात्रींच्या आत कंदाला हात लावत नाही. मोडते, शीर ओढते आणि तशीच उभी राहते. परवा मला म्हणाली, "वहिनी, तू बघ ना जरा."

मी बघितलं. शीर अलगद सुटली होती. "झालंय, काढ," मी म्हटलं.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू हसली होतीस," म्हणाली, आणि कंद परत पाण्यात टाकला.