मामाचं शुद्ध पाणी आणि मामीचं लिंबू

आमचा मामा म्हणजे हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाचा राजा. गळ्यात शिट्टी, हातात जाळी, अंगाला क्लोरीनचा वास. कुणी अंघोळ न करता पाण्यात पाय घातला, की शिट्टी वाजलीच. "बाहेर! आधी अंघोळ!" भलेभले साहेब चड्डीवर ओशाळून मागे फिरायचे. क्लोरीनने भुवया पिंगट झाल्या तरी स्वारी म्हणायची, "जगात दोनच गोष्टी स्वच्छ. माझा तलाव आणि माझं मन."

मामीचा सगळा जीव बाल्कनीतल्या लिंबात. बी रुजवून तिने ते तळहातावरच्या फोडासारखं जपलं होतं. इतक्या वर्षांनी यंदा पहिल्यांदा कळ्या धरल्या, तर बाईने अख्खा मजला बोलावून दाखवल्या. मामाला वाटलं, आपणही हातभार लावावा. क्लोरीनचा मोठा डोस टाकला, की तलाव सगळ्यांना बंद. त्याच पाण्याचा कॅन भरून हा घरी घेऊन आला.

"अगं, नळाच्या पाण्यात जंतू असतात. हे घाल, एकदम ताजं!"

थोड्याच दिवसांत पानांच्या कडा करपल्या. पण थांबेल तो मामा कसला! "रोग पडलाय" म्हणत एका कॅनचे दोन केले. वर कुंडीखालच्या बशीतलं पाणी तलावाच्या तपासणीच्या बाटलीत घेतलं, क्लोरीन तपासायच्या औषधाचा थेंब टाकला. पाणी पिवळंधमक, म्हणजे क्लोरीन भरपूर. "बघ, एकही जंतू नाही!" खरंच नव्हता. गांडूळ नव्हतं, मुंगी नव्हती आणि झाडावर कळीही नव्हती. मला तर त्याला गदागदा हलवावंसं वाटलं.

मामीने खाली पडलेली एक कळी उचलली. "डोस टाकल्यावर माणसं आत सोडता का हो?"

"छे! डोळ्यांची आग होईल त्यांच्या!"

बोलून गेला आणि मामाचा चेहराच पडला. मामीने साध्या पाण्याने कुंडीतली माती पुन्हा पुन्हा धुतली, आणि पुढे कितीतरी दिवस मामा ताटाकडे बघूनच जेवला.

परवा बुंध्याला एक कोवळी फूट आली. मामाला राहवेना. कामावरून आला तसाच बाल्कनीकडे निघाला, नुसतं बघायला. दारात पाऊल टाकतोय तोच शिट्टी वाजली. शिट्टी मामीच्या गळ्यात होती.

"बाहेर! आधी अंघोळ!"

मी खो खो हसलो. मामी हसली नाही. मामा निमूटपणे टॉवेल शोधायला गेला.