व्हायरसवरचं हमखास औषध

ईट गावच्या बसथांब्याजवळ उमाशंकरचं खता-औषधांचं दुकान आहे. कोणी पिवळं पान घेऊन आलं की तो ते उजेडात धरतो, हुं करतो आणि मागं हात घालून बाटली काढतो. 'मला माहीत नाही' हे शब्द त्याच्या तोंडून आजवर गावानं ऐकलेले नाहीत.

यंदा त्यानं दुकानासमोरच्याच रानात टोमॅटो लावला. महिन्याभरात पाच झाडांची पानं चितकबरी होऊन आकसली. पुतणी अर्पिता कृषी विद्यापीठात याच रोगावर संशोधन करते. सुट्टीला आलेली ती बांधावरूनच म्हणाली, "काका, ही पाच झाडं आजच उपटा. व्हायरसला औषध नसतं."

"मग झाडानं काय करावं?"

"झाड करतंच की. व्हायरसला एका पेशीतून दुसरीत आपलं आपण जाता येत नाही. त्याचं एक प्रथिन मधली वाट रुंद करतं. पेशी ते प्रथिन हेरते, त्यावर खूण करते आणि तुकडे पाडते. या पाचांना ते जमलं नाही. आता यांना लागलेला हात दुसऱ्या झाडाला लागला, की रोग तिकडं."

उमाशंकरला सगळं समजलं, हीच पंचाईत. याच रोगावर 'हमखास' म्हणून त्यानं गावभर बाटल्या खपवल्या होत्या. झाडं उपटताना कोणी पाहिलं तर वीस वर्षांची पत गेली. त्यानं पाठीवर पंप घेतला आणि भर सकाळी, रस्त्यावरच्या सगळ्यांदेखत, ओळीओळीतून झाडांना घासत फवारणी केली.

"काका, पेशी जी वाट अडवतेय, ती तुम्ही चालून मोकळी करताय," अर्पिता म्हणाली आणि घरात गेली.

शेजारच्या रानाचा नबीलाल थांबून बघत होता. "माझी बी चार झाडं तशीच झाल्यात. उपटणार व्हतो. पर तुमी सोता मारताय म्हंजी औषध खरं हाय."

खरं बोलायला एवढी चांगली वेळ पुन्हा आली नसती. उमाशंकरनं पाठीवरचा पंप उतरवला. "दोन बाटल्या घेऊन जा," तो म्हणाला.

महिन्यात दोन्ही रानांतला टोमॅटो रोगानं गेला. उमाशंकर आठवडाभर नबीलालला चुकवत राहिला. त्याला लाज वाटत होती, आणि भीती त्याहून जास्त. शेवटी नबीलालच दुकानात आला, स्टुलावर टेकला आणि उलट त्याचीच समजूत घालू लागला.

"तुमी कशाला मनाला लावून घेताय? औषधात खोट असती तर सोताच्या रानात मारलं असतं का? हवाच लई वाईट व्हती. पुढच्या सालाला चार बाटल्या ठिवा माझ्या नावानं. गावात इस्वास ठिवावा असं तुमीच एक हाय."